आवडत नसलेले हुलगे संपवताना: चार किलोंचा तीन महिन्यांचा हिशेब

संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरलेली असते, त्या दिवसांत मोहोळकडच्या आमच्या मामांकडून दरवर्षी एक पोतं येतं. वर ज्वारी, मध्ये तुरीची डाळ आणि तळाला जुन्या धोतराच्या फडक्यात गाठ मारून बांधलेले हुलगे, म्हणजे कुळीथ. यंदा चार किलो भरले.

मला हुलगे आवडत नाहीत, हे आधीच सांगते. कुकरच्या शिट्टीतून जो वास बाहेर येतो, पावसात भिजलेल्या पोत्यासारखा, तो मला माहेरी होते तेव्हापासून नको वाटतो. पण मामांनी रानात पिकवलेलं, मामींनी बडवून वाऱ्यावर देऊन पाठवलेलं धान्य परत कसं पाठवायचं? मागच्या साली "नंतर बघू" म्हणून वरच्या फळीवर ठेवलं. जूनमध्ये डबा खाली काढला तर झाकणाला आतून भुंगे चिकटलेले, दाण्यादाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक आणि तळाला पिवळट भुगा. दोन किलो हुलगे टाकून द्यावे लागले. मामींचा हात त्या दाण्यांवरून किती वेळा फिरला असेल, हे आठवून त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

यंदा जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत चारही किलो संपवले, आणि घरात कुणी तोंड वाकडं केलं नाही. कसे संपवले ते क्रमाने लिहिते. तुमच्या घरात हुलग्यांऐवजी जवस असेल, नाचणी असेल किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेले ओट्स असतील, तरी पहिले दोन टप्पे तेच राहतील.

आधी नेमकं काय आवडत नाही ते शोधा

"मला हे आवडत नाही" एवढ्यावर थांबलं की डबा वरच्या फळीवर जातो. मी घरातल्या प्रत्येकाला विचारलं, हुलग्यातलं काय नको वाटतं? मला वास नको. यांना वासाचं काही नाही, पण उसळ कोरडी लागते, घास गिळवत नाही म्हणतात. मुलीला साल दाताखाली येतं ते आवडत नाही. सासूबाईंना सगळंच चालतं, त्यांचं बालपण हुलग्यावर गेलंय.

म्हणजे चार माणसांत तीन वेगळ्या तक्रारी निघाल्या आणि तिन्हींवर वेगळे उपाय आहेत. वास जातो भाजण्याने, लसणाने आणि आंबटाने. कोरडेपणा जातो तो पातळ केल्याने किंवा शेंगदाणे, खोबरं, साय असं काही स्निग्ध घातल्याने. साल नको असेल तर डाळ करायची नाहीतर पीठ. हे एकदा समजलं की कुठला पदार्थ करायचा आणि कुठला टाळायचा ते आपोआप ठरतं. मी आधी वर्षानुवर्षं हुलग्याची साधी कोरडी उसळ करायचे. त्यात वास, साल आणि कोरडेपणा तिन्ही एकत्र येतात, म्हणून ती कुणीच खायचं नाही.

आपल्या सोलापुरात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आपण ज्याला हुलगे म्हणतो त्यालाच अक्कलकोटकडची कन्नड माणसं हुरळी म्हणतात, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरं उलवलू म्हणतात. कोकणात गेलं की तोच कुळीथ. एकाच धान्याला तीन भाषांतली तीन स्वयंपाकघरं आपल्या आसपास आहेत, आणि प्रत्येकीने त्या उग्र वासाची आपली तोड काढलेली आहे. मराठी घरात भाजून पीठ आणि भरपूर लसूण. कन्नड घरात खोबरं, चिंच घालून सारू. तेलुगू घरात तासन्तास आटवलेलं उलवचारू आणि त्यावर साय. मी तिन्हींकडून घेतलं.

चार किलो कसे वाटले

डब्यात चार किलो दिसले की जीव दडपतो. वाटणी करून वेगळ्या पिशव्या केल्या की तसं होत नाही. मी अशी केली: दीड किलो पिठासाठी, दीड किलो अख्खे, अर्धा किलो चटणीसाठी. उरलेला अर्धा किलो समोरच्या तेलुगू काकूंना दिला. ज्यांना मनापासून आवडतं त्यांच्याकडे थोडं जाणं हासुद्धा संपवण्याचाच भाग आहे, त्यात कमीपणा नाही. त्यांनी त्याचं उलवचारू करून एक वाटी आमच्याकडे पाठवलं, त्यावरूनच मी शिकले.

अख्ख्या दीड किलोचे २५० ग्रॅमचे सहा वाटे झाले. पिठातून तीनदा शेंगोळे, तीनदा पिठलं, उरलेलं धपाट्यांना. म्हणजे आठवड्यातून एकदाच हुलगे. त्याहून जास्त केले की घरातले कंटाळतात, मग पुन्हा डबा वर जातो. वार ठरवून टाका. आमचा गुरुवार होता.

आणि हे थंडीतच करा. हुलगे उष्ण असतात असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते खरंच नकोसे होतात. शिवाय उन्हाळा सरून पावसाची दमट हवा आली की भुंगा धरतो.

निवडणं आणि रोळणं

हुलग्याचं सगळ्यात कटकटीचं काम हे. दाणा चपटा, तांबूस-तपकिरी, खळ्यावरच्या मातीच्या रंगाचा. खडाही त्याच रंगाचा. ताटात पसरून डोळ्यांनी निवडले तरी दोन-चार खडे राहतातच, आणि एक खडा दाताखाली आला की माणूस वर्षभर हुलग्याला हात लावत नाही.

आधी सुपात घेऊन पाखडा, माती आणि फोलपटं जातील. मग पांढऱ्या ताटात किंवा स्टीलच्या परातीत एकेरी थर पसरून उजेडात निवडा. भोक पडलेले, सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे बाजूला काढा.

त्यानंतर रोळा. दोन मोठी पातेली घ्या. एकात हुलगे घालून वर चार बोटं पाणी येईल असं भरा. हाताने गोल फिरवा. पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढून टाका, त्यांच्यात कीड असते. आता पातेलं थोडं तिरकं धरून, पाणी हलतं ठेवत, दाणे पाण्यासकट दुसऱ्या पातेल्यात हळूहळू ओता. घाई करू नका. शेवटच्या मूठभर दाण्यांशी थांबा आणि पातेल्याचा तळ बघा. खडा जड असतो, तो तळालाच राहतो. मी पहिल्यांदा रोळले तेव्हा निवडून झालेल्या अर्ध्या किलोत सात खडे निघाले, एक तर तूरडाळीएवढा. हे दोनदा करा.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून रोळायला बोअरचं पाणी वापरते आणि शिजवायला नळाचं साठवलेलं. बोअरच्या जड पाण्यात कुठलंही कडधान्य लवकर शिजत नाही, आणि हुलगा तर मुळातच चिवट.

पीठ आणि चटणीचे हुलगे रोळल्यावर फडक्यावर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे. दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे. जरा जरी ओल राहिली तरी पिठाला आठ दिवसांत कुबट वास येतो. अख्खे ठेवायचे हुलगे मी एकदम धूत नाही. निवडून, कोरडेच एक दिवस उन्हं दाखवून, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरते आणि ज्या दिवशी लागतील त्या दिवशी रोळते. फ्रीजरमध्ये जागा असेल तर भरण्याआधी आठवडाभर पिशवीत घालून तिथे ठेवा, भुंग्याची अंडी असली तरी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. नेहमीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं.

भाजणं: सगळं इथे ठरतं

वास न आवडणाऱ्याने फक्त एवढं एक काम नीट केलं तरी अर्धी लढाई जिंकली. माझ्या आजवरच्या सगळ्या फसलेल्या पदार्थांत भाजणं कमी पडलं होतं.

लोखंडी कढई घ्या. एका वेळी पाव किलोच. जास्त घातले तर वरचे कच्चे राहतात आणि खालचे करपतात. कढई मध्यम आचेवर तापली की हुलगे घाला आणि आच बारीक करा. हात थांबवायचा नाही. पहिली तीन-चार मिनिटं तोच ओल्या पोत्याचा वास येईल, उलट जास्तच येईल. घाबरू नका, तो बाहेर पडतोय म्हणूनच येतोय. खिडकी उघडी ठेवा. मग मध्ये एक वेळ अशी येते की कसलाच वास येत नाही. बहुतेक जण इथेच गॅस बंद करतात, मीही करायचे. अजून चार-पाच मिनिटं भाजा. दाणे तडतडायला लागतात, सालीवर बारीक चीर दिसते, रंग एक छटा गडद होतो आणि फुटाण्याच्या भट्टीजवळून जाताना येतो तसा खमंग वास सुटतो. एक दाणा फुंकून तोंडात टाका. तो दगडासारखा न लागता ठिसूळ, कुरकुरीत फुटला पाहिजे.

सगळं मिळून दहा-बारा मिनिटं लागतात. झालं की लगेच परातीत पसरा. कढईत ठेवले तर कढईच्या उष्णतेने काळे पडतात आणि मग पीठ कडवट होतं.

साल नको असेल तर आता भरडा. गार झालेले हुलगे मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंद चार वेळा फिरवा. दाण्याचे दोन भाग होतात, साल सुटते. सुपात घेऊन पाखडलं की साल उडून जाते आणि पिवळसर डाळ हातात राहते. जातं असेल तर त्याहून छान. वजन थोडं घटतं, पण या डाळीचं पीठ इतकं मऊ होतं की मुलीने पिठलं खाताना बेसनाचंच आहे का म्हणून विचारलं. साल मी कुंड्यांना घालते.

दळण एकदम दीड किलोचं करू नका. पाऊण-पाऊण किलो दोनदा. भाजलेल्या पिठाचा खमंगपणा दीड महिना चांगला टिकतो, मग उतरतो. गिरणीत नेलं तर आधी हरभरा किंवा ज्वारी दळून झालेली असावी. मिरची-हळदीच्या चक्कीवर अजिबात नको. माझ्या बहिणीकडे घरघंटी आहे, मी तिच्याकडेच दळून आणलं.

अख्खे हुलगे: एकदा शिजवा, दोन दिवस जेवा

पाव किलो हुलगे रोळून रात्री भरपूर पाण्यात भिजवा, दहा-बारा तास. सकाळी ते पाणी मी ओतून देते. पहिल्यांदा ओतताना सासूबाई मागे उभ्या होत्या.

"काय करायलीस गं? ताकद सगळी त्या पाण्यातच हाय की."

"आई, वासपण त्यातच आहे ना."

"मग मोरीत कशाला ओततीस? कढीपत्त्याला घाल."

तेव्हापासून ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जातं. ज्यांना वास चालतो त्यांनी त्याच पाण्यात शिजवावं, माझं काही म्हणणं नाही. पण पोटात गॅस धरत असेल तर पाणी बदललेलं बरं.

भिजलेले हुलगे पुन्हा दोनदा धुऊन कुकरमध्ये थेट घाला. दीड लिटर नळाचं पाणी, पाव चमचा हळद, चिमूट हिंग, चमचाभर तेल. मीठ आणि चिंच आता अजिबात नाही. आंबट आधी घातलं की साल आवळते आणि दाणा कितीही शिट्ट्या झाल्या तरी मऊ होत नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून अर्धा तास ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा बसला पाहिजे. एवढं करूनही चार-दोन गणंग, म्हणजे न शिजणारे कडक दाणे, राहतातच, ते वेचून टाका.

आता चाळणीतून गाळा. खाली लिटरभर दाट, तांबूस-काळपट पाणी मिळेल. हे कढण. वर राहिले ते दाणे. कढणाचा आज सार, दाण्यांची उद्या उसळ.

सार असा: दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता आणि दहा-बारा लसूण पाकळ्या सालासकट ठेचून घाला. लसूण नुसता गुलाबी नको, कडा चांगल्या तपकिरी होऊ द्या. त्यावर कढण, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि दोन चमचे येसर, म्हणजे धान्यं-मसाले भाजून दळलेलं आमटीचं पीठ. येसर घरात नसेल तर एक चमचा काळा मसाला. याच्या जोडीला शिजलेल्या हुलग्यांतले मूठभर दाणे आणि दोन चमचे भाजलेलं सुकं खोबरं मिक्सरमध्ये गंधासारखं वाटून घाला. ही अक्कलकोटच्या आमच्या काकूंची सारूची रीत. नुसतं कढण पाणचट लागतं, या वाटणाने त्याला अंग येतं. दहा मिनिटं खळखळ उकळा. गरम भाताबरोबर किंवा कडक भाकरी चुरून, वर कच्चा कांदा.

तेलुगू काकूंची रीत सवडीच्या दिवशी करा. मसाला फार नाही. कढण जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवायचं, चिंचेचा कोळ घालून आणखी आटवायचं, आणि शेवटी कांदा, मिरची, लसणाची फोडणी. काळंभोर, चमच्याला चिकटेल इतकं दाट होतं. ताटात वाढल्यावर त्यावर चमचाभर जाड साय घालतात. मला आधी हे विचित्र वाटलं होतं. पण साय पडली की त्या आंबट-उग्र चवीची धार मोडते आणि मागे एक खोल, भाजल्यासारखी चव राहते. हुलग्याचा पदार्थ मी मागून दुसऱ्यांदा घेतला, तो हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशीच्या उसळीत कोरडेपणा मोडायचा असतो. कांदा परतून, काळा मसाला, दाणे घालून अर्धी वाटी पाणी ठेवा आणि उतरवण्याआधी चार चमचे शेंगदाण्याचं कूट ढवळा. वर लिंबू पिळा. सहा वाट्यांपैकी दोन वाट्यांचे मी मोड काढले. थंडीत फडक्यात बांधून दीड दिवस लागतो. मोड आलेल्यांना वास कमी असतो, आणि मोड न आलेले गणंग दिसल्याबरोबर वेचता येतात. ते निम्मे मटकीत मिसळले. त्या दिवशी उसळीत हुलगे आहेत हे यांच्या लक्षातच आलं नाही.

पिठाचे तीन पदार्थ

शेंगोळे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत, पण ते कच्चट का राहतात एवढंच सांगण्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. पाव किलो भाजलेल्या हुलग्याचं पीठ, १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, दोन चमचे कणीक. त्यात दहा लसूण पाकळ्या आणि चमचाभर जिरं वाटून, तिखट, हळद, चमचाभर हातावर चोळलेला ओवा, मीठ आणि एक चमचा तेल. पाणी जपून घाला. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट मळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग तेलाचा हात लावून पोळपाटावर करंगळीपेक्षा बारीक वळा आणि दोन्ही टोकं जुळवून कडी करा. जाड वळले की बाहेरून विरघळतात आणि आत पीठ राहतं. बहुतेक वेळा चूक इथेच होते.

पातेल्यात तेल, जिरं आणि भरपूर ठेचलेल्या लसणाची फोडणी करून तिखट-मीठ आणि दीड लिटर पाणी घाला. पाणी खळखळ उकळत असतानाच सात-आठ शेंगोळे सोडा. पुन्हा उकळी येईपर्यंत पुढचे सोडू नका आणि पहिली पाच मिनिटं डाव लावू नका, नाहीतर मोडतात. सगळे सोडून झाले की झाकण अर्धवट ठेवून वीस ते पंचवीस मिनिटं मध्यम आचेवर शिजवा. रस आपोआप दाट होतो. एक काढून मोडून बघा. मध्ये पांढरट कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं. ताटात वाढताना वर कच्चं तेल आणि सोबत कांदा.

पिठलं सोपं. एक वाटी पीठ चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा. कांदा, हिरवी मिरची, लसूण यांची झणझणीत फोडणी करून त्यात तीन आमसुलं आणि मीठ घाला, मग कालवलेलं पीठ ओता. सात-आठ मिनिटं सतत ढवळत शिजवा. हे बेसनासारखं लगेच आळत नाही, गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून थोडं सैलच उतरवा. आंबट सोडू नका, आमसूल नसेल तर चिंच.

उरलेलं पीठ धपाट्यांना. तीन वाट्या ज्वारीला एक वाटी हुलग्याचं, अर्धी वाटी बेसन, तीळ, कोथिंबीर, लसूण-मिरचीचा ठेचा, दोन चमचे दही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर तेल सोडून खरपूस भाजा. हुलगे ओळखूसुद्धा येत नाहीत. डब्यात मुलगी तीन-तीन नेते. मात्र भाकरीच्या पिठात हुलगे मिसळू नका. भाकरी थापताना चिरते, काळपट होते, आणि नुसती खाताना तो वास पुन्हा जाणवतो.

सर्दी-पडशाला सासूबाई माडगं करतात. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ, सुंठ आणि कणभर मीठ घालून गरम प्यायचं. मला ते अजूनही जात नाही. त्यांच्यासाठी करते.

चटणी

सोलापुरात शेंगदाण्याच्या चटणीशिवाय ताट होत नाही, त्यामुळे हुलग्यांना तिच्या आधाराने आत घेता येतं. पाव किलो हुलगे वर सांगितल्याप्रमाणे, किंबहुना दोन मिनिटं जास्तच भाजून घ्या. इथे कच्चेपणा लपत नाही आणि दाताखाली कचकच येते. पाव किलो शेंगदाणे भाजून साल काढून. अर्ध्या वाटीचं सुकं खोबरं किसून भाजलेलं, कोरड्या कढईत शेकलेल्या वीस-पंचवीस लसूण पाकळ्या, दोन चमचे जिरं, तीन मोठे चमचे लाल तिखट, चिंचेचं छोटं बुटुक आणि मीठ.

आधी हुलगे एकटेच मिक्सरमध्ये बारीक करून चाळा. चाळणीवर राहिलेली भरड पुन्हा फिरवा. मग बाकीचं सगळं घालून थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलं तर शेंगदाण्याचा लगदा होतो. उखळ असेल तर शेवटचं कांडणं उखळातच करा. दाण्यांचं तेल सुटतं, ते हुलग्याच्या कोरड्या पिठात मुरतं आणि चटणी मुठीत धरली तर गोळा होते, सोडली तर मोकळी होते. तीन आठवडे बाहेर टिकते. दोन खेपेत चटणीचा अर्धा किलो वाटा संपला. एक बरणी मामींना पाठवली.

थोडं जपून

हुलग्यात १०० ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, लोह आणि कॅल्शियमही चांगलं असतं, म्हणून ते फेकण्यासारखे नाहीतच. पण सवय नसताना एकदम वाटीभर खाल्ले तर पोट फुगतं. कढणापासून सुरुवात करा, मग पीठ, मग अख्खे. मूतखड्यावर हुलग्याचं पाणी प्या असं आपल्याकडे सर्रास सांगतात. त्रास असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, कढणावर विसंबून दिवस घालवू नका.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी डब्यात मूठभर हुलगे उरले होते, एका वेळेलाही न पुरणारे. ते मुलीने कढीपत्त्याच्या कुंडीत टोचले, चौथ्या दिवशी कोंब वर आले. डबा मी कडक उन्हात ठेवला, आतून कोरड्या फडक्याने पुसला आणि मामींना फोन लावला. "मामी, पुढच्या संक्रांतीला हुलगे दोनच किलो पाठवा, पण जमलं तर एक किलो तुमच्या जात्यावर भरडून डाळ करून पाठवा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं गं बाई. पण चटणी पाठवलीस ती संपली बघ. अजून हाय का?"